आबांचं ‘माहीत नाही’

बाळकुम, ठाणे
२ नोव्हेंबर २०२५

ती. मंजुळाआत्यास रचनाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज तू उघडत नाहीस, म्हणून पत्र. पॅकिंगच्या मशिनींनी तुझे कान नेले, हट्ट तेवढा ठेवला, असं बाबा म्हणतात.

मनोविकार नर्सिंगच्या वर्गात फार मजा येतेय. मन म्हणजे एकच गोळा नव्हे, त्याची कामं वेगवेगळी आणि प्रत्येकाला नाव. लक्ष टिकवणं ते अवधान, साठवणं-आठवणं ते स्मरण, मग विचार, भावना, इच्छा, काळवेळेचं भान. नसलेलं दिसलं किंवा ऐकू आलं तर भास. नसलेल्या गोष्टीवर पक्का विश्वास बसला तर भ्रम. घरात सगळ्यांना तपासत सुटलेय, आई वैतागलीय.

सुट्टीत कोपरला आलेले तेव्हा आबांनाही तपासलं. वार विचारला, तारीख विचारली, तीन वस्तू लक्षात ठेवायला सांगितल्या. दर वेळी एकच उत्तर, माहीत नाही. आत्या, हा स्मृतिभ्रंश आहे आणि तो वाढतच जाणार. बाबांना मी सांगितलं. ते शीळफाट्याच्या पुढचं एक वृद्धांचं केंद्र बघून आले. एक डिसेंबरला तिथे जागा होतेय, फॉर्मवर तुझीही सही लागेल. तुझे गुडघे असे, तू एकटी, बाबांना तुझीच काळजी आहे. रागावू नकोस.

तुझी लाडकी (अजून आहे ना?)
रचना

कोपर, डोंबिवली (प.)
११ नोव्हेंबर २०२५

चि. रचनास आत्याचा जयभीम व आशीर्वाद.

रागावू नकोस लिहिलंस, तिथेच राग आला. पाच प्रश्न विचारलेस आणि माझ्या बापाला शीळफाट्याला धाडायला निघालीस? शहाणी गं बाई माझी.

कंपनीत पाळी बदलताना आम्हाला वही लिहावी लागायची. मशीन बिघडलं असं लिहिलं की सुपरवायझर पान फाडायचा. म्हणायचा, बिघडलं की नाही ते फिटर ठरवेल, तू आवाज कसला आला, वास कसला आला, किती वाजता, तेवढंच लिही. एकोणतीस वर्षं तेच केलं. म्हणून सहीच्या आधी आठ दिवस आबांचंही तसंच लिहून काढलं. नावं तू दे.

पहाटे चारच्या आत उठून बसतात. अर्धी भाकरी ताटात राहते, पट्टा दोन भोकं आत गेलाय. बोलायला वेळ लावतात, पण बोलले की वाक्य सरळ असतं. रेडिओ महिनोन्‌महिने बंद. नसलेलं काही दिसत नाही, ऐकू येत नाही, कुणावर संशय नाही. बीपीची गोळी द्यायची मी विसरले, तर त्यांनीच सांगितलं. आणि माहीत नाही हे ते प्रश्न संपायच्या आतच म्हणतात. आठवून बघतच नाहीत.

गुरुवारी बिल्डिंगला पाणी नव्हतं, सगळे पंपवाल्याच्या नावाने ओरडत होते. आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, कोपऱ्यावरची पाण्याच्या लाइनची चावी अर्धीच उघडली असेल, अजून पावणेदोन आटे फिरवा. फिरवले आणि पाणी आलं. नळखात्यातून रिटायर होऊन अठरा वर्षं झाली त्यांना. ज्याला वार आठवत नाही त्याला आटे कसे आठवतात गं?

हे सगळं जुलैपासून आहे. जुलैत कल्याणला भिवाकाका वारले. चाळीस वर्षं दोघांनी जोडीने चाव्या फिरवल्या. आबांचे पाय सुजलेले, उगाच त्रास नको म्हणून तुझ्या बापाने, राकेशने, आणि मी त्यांना मातीला नेलं नाही. आता मला ते खातंय.

सही केलेली नाही. तुझ्या बापाला सांग. अभ्यास कर आणि वेळेवर जेव.

तुझी आत्या

बाळकुम, ठाणे
१५ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास सप्रेम जयभीम.

हे पत्र बाबांच्याच हाती देतेय, पोस्टाची वाट नको.

तुझं पत्र विनिता मॅडमना दाखवलं. आमच्या वॉर्डच्या डॉक्टर, कुणाचं कौतुक म्हणून करत नाहीत. उभ्याने वाचलं, मग खुर्ची ओढून बसल्या आणि पुन्हा वाचलं. वर्गात मोठ्याने वाचून म्हणाल्या, “निरीक्षण याला म्हणतात. तुम्ही आधी नाव चिकटवता आणि मग माणूस बघता.” नाव कुणी चिकटवलं ते मी तिथेच कबूल केलं. लाज वाटली, पण खरं सांगू, त्याहून जास्त तुझा अभिमान वाटला.

मॅडम म्हणतात, तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, रक्तही बघावं लागेल. पण स्मरण शाबूत दिसतंय. दुखणं भावस्थितीचं असावं, म्हणजे नैराश्य. म्हाताऱ्या माणसात ते कधीकधी विसरभोळेपणासारखं दिसतं, आणि ते बरं होऊ शकतं. मंगळवारी आबांना ओपीडीत आण. फॉर्म बाबांनी कपाटात ठेवलाय.

एक काम मात्र आजच कर. त्यांना सरळ विचार, जगावंसं वाटतं का. विचारल्याने डोक्यात काही भरत नाही, उलट माणूस मोकळं होतं. नाही म्हणाले तर क्षणभरही एकटं सोडू नकोस. बाबा तिथेच थांबतील, मंगळवारची वाट न बघता निघा.

चुकलेली, पण तुझीच
रचना

कोपर, डोंबिवली (प.)
२५ जानेवारी २०२६

चि. रचनास आबाचा जयभीम.

तुझ्या पत्रातला प्रश्न मंजुळाने विचारला तेव्हा ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “आबा, जगावंसं वाटतं का तुम्हाला?” मी नाही म्हणालो. तिने गॅस बंद केला आणि माझ्याजवळ खाली बसली. तिच्या गुडघ्यांना खाली बसणं जमत नाही, तरी बसली. भिवाबद्दल मी त्या दिवशी पहिल्यांदा बोललो. राकेश दारात उभा राहून ऐकत होता. तासाभरात तुमच्या मॅडमपुढे होतो.

गोळ्या चालू आहेत. भाकरी पूर्ण जाते, झोप पाचपर्यंत लागते. राकेशने कल्याणला नेलं, भिवाच्या बायकोजवळ दुपारभर बसलो.

तू विचारलेल्या वस्तू मला आठवत होत्या, पोरी. बोलायचीच ताकद नव्हती. तुझ्यावर राग नाही. आपली चूक चारचौघांत कबूल करायला छाती लागते. मंजुळा सातवी शिकलेली, पण तिच्यासारखं बघणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

फॉर्मचं मला कळलेलं. बहिरी मंजुळा आहे, मी नाही. पलंगाखाली पिशवी भरून ठेवलेली, दोन सदरे, लुंगी आणि टॉवेल. चला म्हणाले असते तर गुमान निघालो असतो, मंजुळा तरी सुटेल म्हणून. परवा केर काढताना तिला ती सापडली. सदरे काढून झटकले, घडी घालायला घेतली आणि तशीच रडत बसली. मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचं रडं थांबेपर्यंत काढला नाही.

तुझा
आबा