शंभर ग्रॅमची वेणी

चिमणीच्या आईला,

आधी ऐक, मग ओरड. कुस्तीच्या वजनाला आपली चिमणी शंभर ग्रॅम जास्त भरली. तासभर उड्या मारल्या, थुंकून थुंकून तोंड कोरडं पडलं, तरी काटा हलेना. कोच म्हणाले, "वेणी कापा." ती किंचाळली, "आईने वाढवलीय! हात लावायचा नाही!"

मी म्हटलं, "आईशीच बोललो. म्हणाली, काप, तसाही मला विंचरायचा कंटाळा येतो."

तिने स्वतःच वेणी पुढे केली. कात्री थांबेपर्यंत हललीसुद्धा नाही. वजन बसलं, मेडल आलं!

तेव्हापासून ती तुझा फोन घेत नाही. तुला मी सांगतो, प्रॅक्टिसला गेलीय.

खरं काय ते तिला पुढच्या स्पर्धेच्या फायनलनंतर सांगेन. सध्या चिडून भन्नाट खेळतेय गं.

तिचा बाबा