चार मिनिटं तेरा सेकंद

मयूर विहार, फेज १
शनिवार, १३ जुलै २०१९

चि. कादंबरीस,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा एरवी जिन्यावर कुरकुरतो, पण रविवारी तुझ्याकडे गुडगावला यायचं म्हटलं की तोच गुडघा विशीतला होतो. हे पत्र त्यांच्या पिशवीत चकलीच्या डब्याखाली ठेवते आहे. व्हॉट्सॲपवर दहा महिने माझ्या प्रत्येक निरोपाला एकच टिक पडते, म्हणून ही जुनी वाट. कागद ब्लॉक करता येत नाही. फाडता येतो, हे मला ठाऊक आहे.

तुझी कंपनी तुला सप्टेंबरच्या बारा तारखेला दोन वर्षांसाठी सोलला पाठवते आहे, असं बाबांनी सांगितलं. अभिनंदन. यात टोमणा नाही, शोधू नकोस. जायच्या आधी तू एकदा घरी यावंस असं मला वाटतं. कामाचं एवढंच. पुढचं सगळं तुझ्या त्या पाच गाणाऱ्या कोरियन पोरांबद्दल आहे.

परवा कपाट आवरताना तुझे त्यांच्या ‘सेब्योक’ बँडचे अल्बम निघाले. एकेक खोका अर्ध्या किलोचा, आत गाण्यांची चकती एक आणि फोटो बावन्न. भाजीवाल्याने असं वजन केलं असतं तर बायकांनी त्याची हातगाडी उलटी केली असती. तू नेहमी म्हणायचीस, “आई, पहले सुन तो लो, मग बोल.” म्हणून बाबांच्या जुन्या प्लेअरवर, वही-पेन घेऊन, मी ऐकायला बसले. एकतीस वर्षं मंत्रालयाच्या गेटवर युनियनची भाषणं केली, दिल्लीतल्या तीन पिढ्यांच्या मराठी मुलांना वक्तृत्व शिकवलं. पहिला नियम माझाच: ज्याच्या विरोधात बोलायचं, ते आधी पुरतं वाचायचं. गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात बोलण्याआधी तेवढी सवड झाली नव्हती. त्या भाषणाबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही.

तर टिपणं.

पहिला अल्बम टाकाऊ. पाच जण एकच घास पाच ठिकाणी चावतात आणि शेवटी कुणीच गिळत नाही. दुसऱ्या अल्बमचं मुख्य गाणं ऐकून मला आमच्या खात्याची परिपत्रकं आठवली. सगळं जागच्या जागी, आणि आत कुणी राहत नाही. मधेच एक जण इंग्रजीत “कम ऑन” म्हणतो. कुठे यायचं ते शेवटपर्यंत कळत नाही.

कार्यक्रमात पोरी त्या पाचांची नावं ठरलेल्या क्रमाने ओरडतात, तेही ऐकलं. आम्ही त्याला घोषणा म्हणत असू. आम्हाला निदान महागाई भत्ता हवा असायचा. या पोरींना काय हवं असतं?

काळ्या टोपीवाला जो भराभर बोलतो, त्याच्याबद्दल एकच नोंद चांगली आहे. तो बावीस सेकंद श्वास घेत नाही. ब्याण्णवच्या संपात, खाजगीकरणाच्या विरोधात बोलताना, माझा दम अठरा सेकंदांचा होता आणि लोक त्याचं कौतुक करत. पण दम असणं वेगळं आणि सांगण्यासारखं काही असणं वेगळं. हे वाक्य तुला घरात फार वेळा ऐकावं लागलं आहे, तरी लिहिते.

आणि तू राहतेस ते ठिकाण. बाबा सांगतात, इमारतीचं नाव फ्रेंच, रखवालदार बुंदेलखंडचा, पाणी टँकरचं. जिथे कालपर्यंत मोहरीची शेतं होती तिथे काचेचे डबे उभे करून त्यांना परदेशी नावं द्यायची, आणि रात्री त्यात बसून कोरियातल्या पाच गोऱ्या चेहऱ्यांची पूजा करायची. ज्याच्याविरुद्ध मी घसा फोडला, ते सगळं शेवटी माझ्याच घरात वयात आलं.

उत्तर बाबांच्या हाती दिलंस तरी चालेल.

तुझी
आई


मयूर विहार
शनिवार, १० ऑगस्ट २०१९

चि. कादंबरीस,

आशीर्वाद. श्रावण सुरू आहे, बाबांचे उपास चालू आहेत, म्हणजे घरात साबुदाणा दुप्पट लागतो.

तू पत्र वाचलंस असं कळलं. मी विचारलं, “हसली का?” बाबा म्हणाले, “एकदा.” “कुठल्या वाक्याला?” “ते मी नाही विचारलं.” सदतीस वर्षांच्या संसारात या माणसाला धड बातमी आणणं जमलं नाही.

तुमच्या पोरांनी गेल्या आठवड्यात नवं गाणं काढलं. सगळं इंग्रजीत. मी दोनदा ऐकलं आणि मला संताप आला. भिकार आहे. अमेरिकेच्या दुकानात मांडायला धुऊन-पुसून ठेवलेला माल. पाचांतल्या धाकट्याच्या तोंडी त्यांनी “बेबी, बेबी” घातलं आहे. ज्या मुलाने तिसऱ्या अल्बममधलं सातवं गाणं गायलं, त्याच्या गळ्यात हे घालताना त्या कंपनीवाल्यांना लाज वाटली नाही. त्याचा आवाज मुळात खर्जात सुखावतो, त्याला वर ताणायचं कारण काय? आणि काळ्या टोपीला तर सहाच सेकंद दिलेत. सहा. स्वतःची भाषा स्वतःला पुरेनाशी झाली की माणसाचं असंच होतं. हे मी एक्क्याण्णवपासून सांगते आहे.

तू हसत असशील. हस. हो, सातवं गाणं मी ऐकलं आहे. बऱ्याचदा.

सतरा गाण्यांपैकी चौदा मी आजही फेकून देईन. दोन खपवून घेईन. सातव्यात नुसता पियानो आहे आणि धाकटा आहे. दोन मिनिटं पन्नास सेकंदांवर त्याचा आवाज चिरकतो आणि त्यांनी तो तसाच ठेवला आहे. एवढ्या घासून-पुसून गुळगुळीत केलेल्या धंद्यात तेवढी एक चीर कुणी कशी राहू दिली, याचं मला नवल वाटतं. मंगळवारी ते लावलं असताना खालच्या भानुमतीबाई धापा टाकत वर आल्या. दारातूनच म्हणाल्या, “सुमित्रा, कादंबरी आली? गाणं ऐकू आलं म्हणून आले.” मी म्हटलं, “नाही हो, माझा अभ्यास चाललाय.” त्या उभ्याच राहिल्या. मीही. मग मी त्यांना चहा केला.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

मागच्या पत्रात मी लिहिलं की कपाट आवरताना अल्बम निघाले. ते खोटं होतं. मंडळाचे खंडेराव जूनमध्ये या वर्षीच्या भाषणाचं विचारायला आले, तेव्हा मी गेल्या वर्षीची फाइल काढली. त्यात माझ्या टिपणांच्या मधोमध तुझं पान होतं.

ते पान तुझ्या टेबलावरून मी उचललं होतं. तुमच्या चाहत्यांच्या क्लबने जगभरातून पत्रं मागवली होती, प्रत्येकीने आपल्या मातृभाषेत लिहायचं, सगळी एका वहीत बांधून धाकट्याच्या वाढदिवसाला पाठवायची. हे तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. मला फक्त दोन ओळी दिसल्या आणि माझ्यातल्या वक्त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. ‘आपली मुळं कुठे आहेत’ असा विषय होता. दिल्लीत वाढलेली मुलगी, जिला पोळीला रोटी म्हणायची सवय, ती कोरियातल्या एका पोराला शुद्ध मराठीत पत्र लिहिते. याहून चांगलं उदाहरण मला कुठे मिळणार होतं?

तीनशे लोकांसमोर मी वाचलं: “तुमचा आवाज ऐकला की मी कुणाचीच कुणी नसायचे, आणि मला फार बरं वाटायचं.” मग मी विराम घेतला. विराम कुठे घ्यायचा हे मला कळतं. सभागृह हसलं. खंडेराव डोळे पुसत होते. चौथ्या रांगेत तू बाबांशेजारी बसली होतीस आणि मी तुझ्याकडे पाहिलं नाही, कारण टाळ्या संपायच्या आत मला पुढचा मुद्दा धरायचा होता.

पुढचं मी वाचलंच नव्हतं. भाषणातच नव्हे, घरीसुद्धा. अवतरण अर्धं तोडू नये, तोडणारा वक्ता चोर असतो, हे वाक्य मी किती मुलांकडून पाठ करून घेतलं असेल. जूनमध्ये, नऊ महिने उशिरा, मी खालचं वाचलं.

“कारण तेव्हा तुमचा एकही शब्द मला कळत नव्हता. माझ्या घरी मला प्रत्येक शब्द कळतो, आणि प्रत्येक शब्द ऐकला की मला काहीतरी करायचं असतं. मी परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाले त्या वर्षी, अभ्यासासाठी घेतलेल्या मुनिरकाच्या खोलीवर, आईचा फोन ठेवला की मी सातवं गाणं लावायचे. तोच माझा विसावा.”

ते फोन मला आठवतात. परीक्षा तुझी होती आणि भाषण माझं. एकेक पाऊण तासाचं. तू “हो आई” म्हणायचीस आणि मला वाटायचं, पोरगी ऐकते आहे.

विसावा हा शब्द मी तुला शिकवलेला नाही. दिल्लीच्या मुलांचं ‘आराम’वर भागतं. तो तू कुठून आणलास?

आणि पान माझ्या फाइलीत राहिलं, म्हणून तुझं पत्र त्या वहीत गेलंच नाही. तू ते घरभर शोधलं असशील. मी मदत केली होती का शोधायला? बहुतेक केली होती.

माझं ठरलं आहे. सहा सप्टेंबरला मंडळात माझं भाषण आहे. त्याच व्यासपीठावर, त्याच लोकांसमोर मी ते पान पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार आणि सांगणार की गेल्या वर्षी इथे चोरी झाली. तू चौथ्या रांगेत बस.

तुझी
आई


मयूर विहार
शनिवार, ३१ ऑगस्ट २०१९

चि. कादंबरीस,

आशीर्वाद. परवा गणपती बसतील. बाबांनी सरोजिनी नगरहून मखराला कापड आणलं आहे, रंग असा की गणपतीसुद्धा डोळे मिटून घेईल.

तुझा निरोप बाबांनी शब्दशः सांगितला. या वेळी त्यांनी तो कागदावर लिहून आणला होता. “आईला सांग, माझ्यावर आता एकही भाषण नको. चांगलं तर मुळीच नको.”

मी तीन दिवस बाबांशी भांडले. घरात भांडायला तेच आहेत. म्हटलं, “मी माफी मागायला निघाले आहे आणि ही मला अडवते.” ते मोदकाचं सारण ढवळत म्हणाले, “माफी मागायला तीनशे माणसं कशाला लागतात तुला?” मग थोड्या वेळाने म्हणाले, “तो शब्द तिने मला विचारला होता. थकल्यावर चालायचं थांबतो त्याला मराठीत काय म्हणतात, म्हणून.” म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळं नाही, तेवढं. आणि ते माझ्याशी बोलले नाहीत, कारण या घरात मधे बोलायला जागा कधी असते?

चौथ्या दिवशी मी खंडेरावांना फोन केला आणि भाषण करणार नाही म्हणून सांगितलं.

“वहिनी, फलकावर नाव लागलंय तुमचं.”

“मग फलक वाचून दाखवा.”

“अहो, लोक तुमच्यासाठी येतात. गेल्या वर्षी काय रंगलं होतं, अजून बोलण्यात काढतात सगळे.”

“काय काढतात?”

“ते पत्र हो. तुमच्या कन्येचं.”

“आणि विषय काय होता, खंडेराव?”

त्यांना विषय आठवेना. पन्नास मिनिटं बोलले होते मी. स्थलांतर, भाषा, बाजार, सगळं मांडलं होतं, आकडे दिले होते. त्यातलं फक्त तुझं हसं उरलं. वक्ता म्हणून याहून मोठी नाचक्की मला माहीत नाही, आणि ती मला गेलं वर्षभर यश वाटत होती.

सोबत तुझं पान परत पाठवते आहे. त्या दोन ओळींखाली मी लाल रेघा मारल्या होत्या. खोडायला गेले तर कागद विरायला लागला, म्हणून हात आवरला. त्याचं काय करायचं ते तू ठरव. मी त्याची नक्कल ठेवलेली नाही. पाठ झालं आहे, पण ते कुणासमोर म्हणणार नाही.

माझी मतं बदललेली नाहीत. पहिला अल्बम टाकाऊच आहे, ते इंग्रजी गाणं भिकारच आहे, आणि एका माणसाचा चेहरा बावन्न वेळा विकणारी कंपनी ही लुटारूंची टोळी आहे. तू ज्या इमारतीत राहतेस ती किती पक्की ते पहिल्या भूकंपात कळेल. हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. तुला मात्र विचारल्याशिवाय सांगणार नाही.

बारा तारखेच्या आधी एखाद्या दिवशी ये. जेवायला थांब किंवा थांबू नकोस. मी “ये” म्हणेन आणि दार लावून घेईन. मग तू तुझ्या खोलीत सातवं गाणं लाव. मी दारापाशी स्टुलावर बसेन. गाणं चार मिनिटं तेरा सेकंदांचं आहे. बाबा घड्याळ लावून माझा सराव घेतात. पहिल्या दिवशी एक मिनिट दहा सेकंदांवर मी म्हणाले की पियानो जरा मागे हवा होता. दुसऱ्या दिवशी तीन मिनिटांवर माझ्या तोंडून तुझं नाव निघालं. बाबांनी तेही चुकीतच धरलं.

काल शेवटपर्यंत जमलं.

पुरती चार मिनिटं तेरा सेकंद गप्प बसू शकणारी,
तुझी
आई