समान रांग

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
आजपासून रोजनिशी. ठाण्याच्या वर्कशॉपमध्ये मॅडम म्हणाल्या, ज्याला माणसं बदलायची आहेत त्याने आधी रोज स्वतःकडे बघावं. विषय: विविधता, समता, समावेशन. दोन दिवस, जेवण उत्तम, शेवटी सर्टिफिकेट. हॉस्पिटलमधून मी एकटाच गेलो, कारण बाकीच्यांना पेशंट होते.
ठराव: मार्चमध्ये इन्स्पेक्शन आहे. त्याआधी आपली कॅज्युअल्टी अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात समतेचा नमुना करायची. अठरा वर्षं इथे अ‍ॅडमिन ऑफिसर आहे, या कामाला माझ्याइतका लायक माणूस नाही. जातपात मानत नाही. आजवर कुणाला आडनावसुद्धा विचारलेलं नाही.

५ फेब्रुवारी
समिती स्थापन. अध्यक्ष मी. कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज सिस्टर मैत्रेयीला घेतलं, म्हणजे महिलाही आल्या आणि बौद्ध समाजही आला. तिला हे कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, सर, मला घेऊ नका, दुसरं ईसीजी मशीन घ्या, आहे ते थापटल्याशिवाय चालत नाही. विषय सोडून बोलते. माणूस म्हणून चांगली.
मीटिंगसाठी ओपीडीतून सहा खुर्च्या बनूबाईने उचलून आणल्या. बनूबाई म्हणजे कॅज्युअल्टीतली मावशी, माझ्याही आधीपासूनची. व्हीलचेअर, फरशी, उलट्या, सगळं तीच बघते. मीटिंगभर दारात उभी होती. धापा टाकत होती. वय झालं.

७ फेब्रुवारी
दारावर पाच भाषांत बोर्ड लावला: येथे सर्वांचे स्वागत आहे. बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा एक म्हातारा, हाताला कोयता लागलेला, बोर्डाखाली पाऊण तास उभा. पाचही भाषा वाचता येत नव्हत्या. बनूबाईने विचारलं, कंच्या पाड्यावरना आलास रं बाबा, आणि हात धरून आत नेलं.
दुपारी उल्हासनगर कॅम्प तीनमधली सिंधी आजी आली. सारखी रडत होती, काय होतंय ते कुणाला कळेना. बनूबाई जवळ जाऊन म्हणाली, दादी, सूर किथे आहे? म्हणजे दुखतं कुठे. आजीने लगेच पोट दाखवलं. बनूबाई आधी कॅम्पातल्या कापडाच्या दुकानात झाडू मारायची, तिथे शिकली म्हणे.
नोंद: बोर्डाचा परिणाम दिसू लागला आहे.

१२ फेब्रुवारी
दुसरा बोर्ड: ड्युटीवर कर्मचाऱ्यांनी बसू नये. नियम सर्वांना सारखा. डॉक्टर आणि सिस्टरांना लिखाणाचं काम असतं म्हणून त्यांच्या खुर्च्या राहिल्या. बनूबाई सलाइनच्या रिकाम्या खोक्यावर बसायची, ते खोकं भंगारात दिलं. दिसायला फार वाईट दिसायचं.
संध्याकाळी ती केबिनमध्ये आली. साहेब, बसाया एक स्टूल तरी द्या, व्हीलचेअर ढकलली का छातीत भरून येतं, डावा हात बी दुखतो. सहानुभूतीने ऐकलं. पण तोंडी मागणी मान्य करणं म्हणजे ओळखीचा फायदा देणं. लेखी अर्ज दे म्हटलं. शिवाय अ‍ॅसिडिटीची गोळी माझ्या खिशातली दिली. ही असली माणुसकी कुठल्या वर्कशॉपमध्ये शिकवत नाहीत.

१४ फेब्रुवारी
बनूबाईने अर्ज आणला. नात मनालीने लिहून दिला म्हणे. विषय ठाऊक असल्यामुळे उघडला नाही. रोजनिशीच्या मागच्या कप्प्यात सुरक्षित ठेवला आहे. समिती बसली की घेऊ.

२० फेब्रुवारी
आजपासून समान रांग! कल्पना सर्वस्वी माझी. स्ट्रेचरवरचा पेशंट थेट आत. चालत आलेल्याने केसपेपर काढायचा, नंबर लावायचा. ओळख, वशिला, स्टाफ, कुणालाही सूट नाही. तीन वेळा पुकारून हजर नसेल तर रांगेच्या शेवटी.
सिस्टर मैत्रेयी म्हणाली, सर, ही काय रेशनची लाइन आहे का, कोण किती सिरियस ते आम्हाला बघून कळतं. समजावलं की बघून ठरवण्यातूनच भेदभाव सुरू होतो. पेशंटकडे निघून गेली. पटलं असावं.

२८ फेब्रुवारी
समितीची बैठक. मी एकटाच हजर. कोरमअभावी तहकूब. स्टूलचा विषय पुढे.
बनूबाई दोनदा दारातून डोकावून गेली. हाताने थांब अशी खूण केली. समजूतदार बाई आहे.

६ मार्च
नावाचे बॅज आले. पेशंटला आपल्याशी बोलणाऱ्याचं नाव कळणं हा त्याचा हक्क आहे. मावश्या कॉन्ट्रॅक्टरच्या, त्यांच्यासाठी तरतूद नव्हती. तरी भांडून एक बॅज जास्तीचा करून घेतला आणि सगळ्यांसमोर तिच्या साडीला लावायला लावला. ठळक अक्षरात: बनूबाई. ती बराच वेळ बॅजकडे बघत राहिली. काहीतरी बोलायला गेली आणि नुसती हसली. भरून आलं असणार. मलाही आलं.

१२ मार्च
मेहुणे पाय मुरगळून आले. तत्त्व म्हणजे तत्त्व, रांग मोडली नाही. त्यांना मागच्या दाराने आणून स्ट्रेचरवर झोपवलं आणि स्ट्रेचर थेट आत नेलं. स्ट्रेचर बनूबाईने ढकललं. मध्येच भिंतीला टेकली. समितीत स्टूलचा विषय लवकर घ्यायला हवा.

२० मार्च, दुपारी १
इन्स्पेक्शन. फत्ते!
रांग शिस्तीत. बोर्ड चकचकीत. एकच गालबोट लागणार होतं, ते मी टाळलं. साडेबाराला पाहुण्यांना कॅज्युअल्टी दाखवतोय तर बनूबाई पेशंटांच्या रांगेत भिंतीला टेकून चक्क खाली बसलेली. हातात कसला तरी कागद, तोंड घामाने डबडबलेलं. ड्युटीवर! पाहुण्यांच्या नजरेला पडायच्या आत डोळ्यांनी खूण केली, दारात एक आजी उभी होती, तिला व्हीलचेअर आण. लगेच उठली. पहिल्या खुणेला, बॅजसकट.
तेवढ्यात क्लार्कने केसपेपर नंबर एकतीस पुकारला, कुणी गयाबाई रोकडे. तीनदा पुकारलं. हजर नाही. सिस्टर मैत्रेयी हातातलं काम टाकून बाहेर आली, तिनेही दोन हाका मारल्या. कुणी नाही. नाव रांगेच्या शेवटी. पाहुण्यांना नियम प्रत्यक्ष बघायला मिळाला. त्यांच्यातल्या मुख्य बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

२० मार्च, संध्याकाळी ६
बनूबाई गेली.
व्हीलचेअरवरच्या आजीला एक्स-रेपाशी सोडलं आणि तिथेच पडली. आजी ओरडली तेव्हा कळलं. हार्ट अटॅक. दोन वाजून दहा मिनिटांनी. सिस्टर मैत्रेयी तासभर छाती दाबत होती. ईसीजी मशीन दुसऱ्या थापटीला चाललं.
मी तिघांना विचारलं चहा घेणार का. कुणी घेतला नाही.

२१ मार्च
संस्थेतर्फे हार घेऊन बनूबाईच्या गावी, चामटोलीला गेलो. रिबनवर छापून घेतलं होतं, बनूबाईंना भावपूर्ण श्रद्धांजली. स्टँडवर बनूबाईचं घर विचारलं. या गावात बनूबाई नाय कोण. दुकानात विचारलं. नाय. शेवटी म्हटलं, हॉस्पिटलात कामाला होती, काल वारली. तेव्हा दुकानदार म्हणाला, आरं, गयाबाई म्हन की. रोकड्यांची गयाबाई.
तिथेच पायरीवर बसलो.
मनालीने सांगितलं, आजीच्या आधी कॅज्युअल्टीत एक मावशी होती, तिचं नाव बनूबाई. ती गेली, तिच्या जागी आजी लागली, आणि हॉस्पिटलवाले त्याच नावाने हाका मारत राहिले. पहिल्या पहिल्यांदा आजी सांगायची. मग सोडून दिलं. बॅज लावून घरी आली त्या दिवशी म्हणाली, आता छापूनच दिलं.
हार परत आणला. रिबन काढून द्यायचं सुचलं नाही.

२४ मार्च
सिस्टर मैत्रेयी ड्युटी संपल्यावर केबिनमध्ये आली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, सर, सकाळी ती मला म्हणाली, छातीत लई दुखतंय. मी म्हटलं आत झोप. ती म्हणाली, नको ताई, साहेबांचा नियम हाय, पाव्हणे येणार, मी कागद काढते. मग अ‍ॅक्सिडेंटचे दोघं आले, मी त्यांच्यात अडकले. नाव पुकारलं तेव्हा मी गयाबाई शोधत होते. माझ्या समोरून व्हीलचेअर घेऊन गेली हो ती.
तिला सांगणार होतो की नियमाचा हेतू चांगला होता.
ती गेल्यावर अर्ज उघडला. मनालीचं अक्षर सुंदर आहे. मी गयाबाई धोंडिबा रोकडे, राहणार चामटोली, आपल्या येथे बावीस वर्षे काम करते. बसण्यास एक स्टूल मिळावे. छातीत दुखते, तरी एकदा डॉक्टर साहेबांना दाखवून द्यावे, ही विनंती.
मला वाटलं होतं, नुसतं स्टूल मागितलंय.

२ एप्रिल
रिपोर्ट आला. हॉस्पिटलला अ श्रेणी. समान रांगेचा खास उल्लेख. माझं नाव आहे, आडनावासकट.
समितीची वाट न बघता स्टूल मंजूर केलं. स्टोअरमध्ये गेलो तर तिथे अकरा स्टुलं पडून होती.
नवीन मावशी आजपासून लागली. स्टूल दाखवून बस म्हटलं. तिने भिंतीवरच्या बोर्डाकडे बघितलं आणि शेजारी उभी राहिली. बोर्ड काढायचा राहिलाय. दुपारी वॉर्डबॉयने तिला हाक मारली, ए बनूबाई. मी तिथल्या तिथे त्याला झापलं. सगळ्यांसमोर तिला पूर्ण नाव विचारलं, आडनावही विचारलं. तिने सांगितलं. वर म्हणाली, बनूबाई बोला साहेब, चालंल मला.
बसस्टॉपपर्यंत ते नाव पाठ होतं. आता लिहायला घेतलं तर आठवत नाही. उद्या परत विचारायला हवं.