फीचं माझ्यावर सोडा

१५ जून, रविवार
काल नीटचा निकाल लागला. प्रियदर्शनीला सरकारी मेडिकल मिळेल एवढे मार्क नाहीत. घरात सगळे हिरमुसलेले. मी मात्र शांत. प्रायव्हेट कॉलेजं कशाला आहेत? रविवार असून दवाखाना उघडला आणि आलेल्या प्रत्येक पेशंटला न विचारता सांगितलं, 'पोरीला एमबीबीएसला घालायलोय. फीचं काय एवढं!' सगळ्यांची तोंडं उघडीच होती, त्यामुळं कुणी आक्षेप घेतला नाही. परभणीतला नावाजलेला डेंटिस्ट, बायको विजयमाला कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. आमाला परवडणार नाही तर कुणाला?

१६ जून
आजपासून काटकसर. बाहेरचं खाणं कायमचं बंद.

१७ जून
बाहेर जेवलो. इलाज नव्हता, डॉक्टर मित्रांची पार्टी. बिल मीच दिलं. माघार घेतली असती तर लोकांना शंका आली असती.

२१ जून, शनिवार
विजयमालानं फीचा हिशेब काढला. एका वर्षाची फी म्हणजे दवाखान्याची वर्षाची कमाई. म्हटलं, 'बघ, बरोब्बर बसतंय!' ती म्हणाली, 'मग घराचे हप्ते, गाडीचा हप्ता, एक्स-रे मशीनचा हप्ता कोण भरणार?' तिला बारीकसारीक गोष्टींत शिरायची सवय आहे. केमिस्ट्रीवाल्यांचं असंच असतं.
प्रियदर्शनी येलदरीला मामाकडं गेलीय. दिवसभर धरणावर मासे धरणाऱ्यांबरोबर होडीत बसते म्हणे. धक्का बसलाय लेकराला.

२ जुलै, बुधवार
बँकेत गेलो. मॅनेजरची दाढ मीच काढलेली. व्याजात सवलत मिळणार नाही म्हणाले, तुमचं उत्पन्न जास्त आहे. ऐकून बरं वाटलं. मग मोठं कर्ज द्या म्हटलं. तर म्हणाले, 'डॉक्टर, तुमचं उत्पन्न चांगलंय हो, पण ते तुमच्याकडं थांबतंय कुठं?'
माणूस चेष्टेखोर आहे. कर्ज मिळालं नाही.

६ जुलै, रविवार
धाकटा भाऊ रामहरी गंगाखेडहून आला. साखर कारखान्यात फिटर आहे. त्याच्या नागेशला पॉलिटेक्निकला घालायचंय, पैसे थोडे कमी पडायलेत. दोन कप चहा घेतला, मग म्हणाला, 'दादा, तू तर एमबीबीएसची फी भरायलास. तुला हे म्हंजे सुपारीच्या खांडाएवढं.'
दिले. काय करणार? नाही म्हटलं असतं तर एमबीबीएसचं खोटं वाटलं असतं. विजयमाला जेवली नाही.

१३ जुलै, रविवार
हुकमी एक्का! पोखर्णी रोडचा प्लॉट विकायचा. सगळा प्रश्न एका दिवसात मिटतो. मात्र प्लॉट आईच्या नावावर आहे. आईला समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आन म्हणाली, 'न्हाई इकायचा. आन पोरीला ईचारलास का रं वैजीनाथ, तिला काय व्हायचंय ते?'
यात काय विचारायचं? मला स्वतःला एमबीबीएसला जायचं होतं, म्हणजे तिलाही जायचं असणारच.

३ ऑगस्ट, रविवार
उद्या मेडिकलच्या कॉलेजांचे पर्याय भरायची शेवटची तारीख. भरलं तर घर बुडतं, नाही भरलं तर नाव. शेजारी, पेशंट, रामहरी, सगळ्यांना सांगून बसलोय. आज तर पेपर टाकणाऱ्यालाही 'झालंच समजा' म्हणालो. गच्चीवर दोन तास फेऱ्या मारल्या. जिन्याचं दार विजयमालानं चुकून आतून लावलं होतं. हाक मारायची लाज वाटली. वेबसाइट बंद पडावी म्हणून नरसिंहाला नारळ बोललो.

४ ऑगस्ट, सोमवार
वेबसाइट उत्तम चालू होती.
लॅपटॉप उघडला. प्रियदर्शनी शेजारी येऊन बसली. म्हणाली, 'पप्पा, नका भरू. मला मत्स्यविज्ञानाला जायचंय. उदगीरला सरकारी कॉलेज आहे, तिथं मिळायलंय मला.'
मासे? डॉक्टरची मुलगी मासे शिकणार? चांगलाच आवाज चढवला. म्हटलं, 'फीचं माझ्यावर सोड, तू फक्त हो म्हण.'
ती म्हणाली, 'हो म्हणले तर तुमी कुठून आणणार हो, पप्पा?'
मी कॉलेजांची यादी वर-खाली करत राहिलो. तिनंच लॅपटॉप मिटला आणि पाणी आणून दिलं. डोळ्यांना स्क्रीनचा त्रास व्हायलाय, नंबर तपासून घेतला पाहिजे.

५ ऑगस्ट
मुलीच्या आवडीसाठी मी एमबीबीएसवर पाणी सोडलं. असे बाप कमी. दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं. आधीच माहीत होतं म्हणाले. नारळ फोडावा लागेल का? वेबसाइट तर बंद पडली नव्हती. नाही फोडला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
आमी तिघं उदगीरला. खिडकीवर क्लार्कनं उत्पन्न विचारलं. मागच्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं. 'मग सवलत नाही. पूर्ण भरा.' पूर्ण म्हणजे तरी केवढं! ऐटीत कार्ड दिलं. मशीन दोनदा ओरडलं. सकाळीच तिन्ही हप्ते कापले गेले होते. रांगेतला एक बाप दुसरीकडं बघायला लागला. प्रियदर्शनीनं गुपचूप मोबाइल काढून आजीनं दिलेल्या पैशातून फी भरली. नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, असं मी क्लार्कला समजावून सांगितलं.
निघताना पोरगी हॉस्टेलच्या दारात उभी. पाया पडली, म्हणाली, 'पप्पा, गाडीत डिझेल हाय ना?' म्हटलं, 'भरपूर!'
अहमदपूरच्या अलीकडं गाडी बंद पडली. विजयमालाच्या पर्समध्ये पाचशेची नोट निघाली. ती डबा घेऊन एकाच्या मोटारसायकलवर पंपाकडं गेलीय. मी बांधावर बसून लिहायलोय. सोयाबीन चांगलं आलंय इकडं. हवाही छान आहे. तशी घाई कुठली आहे?