त्याच कापडाचा धागा

सोमवार, ४ तारीख

आले, पोचले आणि नोकरीला लागलेसुद्धा! ही चार दिवसांत तोंड पाडून परत येईल, असं मावशीने भाकीत केलं होतं. तिला कळवायला हवं की राहायला खोलीही मिळाली, दुकानाच्या वरच, तीही फुकट. एक कॉट, एक खिडकी, भिंतीत फळी आणि एक खिळा. खिळ्यावर आईची जांभळी शाल अडकवली आणि खोली माझी झाली. निघताना आईने स्वतःच्या अंगावरची काढून ती माझ्या खांद्यावर टाकली होती. अजून तिचा वास आहे.

दुकान रफूचं. फाटलेले कोट, जळलेल्या पँटी, कसर लागलेली गरम कापडं गिऱ्हाईक आणून टाकतं आणि पुन्हा न्यायला येतं तेव्हा भोक कुठे होतं ते त्यालाच सापडत नाही. मला वाटलं होतं मुलाखतीत टाका घालून दाखवायला लावतील. पण मालकांनी विचारलं ते एवढंच की घरी कोण कोण, सख्खी किती, चुलत-मावस किती, तब्येती कशा. मी नोकरीला आलेय की स्थळ म्हणून, असं वाटून मला हसू येत होतं. तरी आपण कशाला कमी पडा? आई, धाकटी बहीण, मावशी, तिची दोन दांडगट पोरं, सगळी पत्त्यासकट सांगून टाकली. मालक म्हणाले, भरलं घर आहे, छान. चाळिशीचा माणूस, शर्टाला चुणी नाही, आवाज कधी चढत नाही.

मागे इस्त्रीच्या टेबलाशी माझ्याच वयाचा एक मुलगा असतो. मला मालकांचा मुलगा वाटला, तर धाकटा भाऊ निघाला. तोंडातून शब्द फुटत नाही. मी मनातल्या मनात त्याचं नाव घुम्या ठेवलंय.

शनिवार, ९ तारीख

या आठवड्यात पक्कं शिकले ते हे: रफूचा धागा बाहेरून आणायचा नसतो. ज्या कापडाला भोक, त्याच कापडाच्या काठातून किंवा आतल्या शिवणीतून धागा काढायचा. परका धागा रंगाला कितीही जुळला तरी चार धुण्यांत उघडा पडतो. आणि गाठ मारायची नाही. टोक उलट्या बाजूला मोकळं सोडायचं. ते सहसा कुणाला दिसत नाही, पण सापडलं आणि ओढलं, तर सगळं रफू सुटतं आणि भोक पुन्हा जिथल्या तिथे.

हात बसायला घरच्या माणसाच्या अंगावरचं कापड घ्यायचं, असा इथला रिवाज आहे म्हणे. माया असते म्हणून हात हळू चालतो. मला हे फार पटलं. धावत वर जाऊन आईची शाल आणली. मालकांनी तिचा काठ दोन बोटांत चोळून पाहिला, घडी घातली आणि स्वतःच्या कपाटात ठेवून दिली. वेळ आली की काढू, म्हणाले.

त्यांनाही आज कुणा लांबच्या चुलत काकूकडून पार्सलने जुनी शाल आली. आठवण म्हणून ते सगळ्या नातेवाइकांकडून मागवतात. इतकं प्रेम मी तरी कुठे पाहिलं नाही. आमच्या मावशीचा एक चमचा आमच्याकडे राहिला तर ती वर्षभर ऐकवते.

गुरुवार, १४ तारीख

घुम्या बोलतो! गच्चीवर कोट वाळत घालून मी नखं कापत बसले होते. तो बादली ठेवून बघत राहिला आणि विचारलं काय, तर वाढतात का म्हणून. मी म्हटलं, नाही, भाड्याने आणते. तो हसला आणि मग स्वतःच्याच हसण्याने दचकला.

तेव्हापासून रोज गच्चीवर भेटतो. ओल्या चादरीची दोन टोकं दोघांनी धरायची, झटकायची, घडी घालत जवळ यायचं. शेवटच्या घडीला त्याची बोटं माझ्या बोटांना लागतात आणि मग घडी कुणाला सोडवत नाही. कोपऱ्यावरची बेकरी अजून आहे का, असं त्याने विचारलं. तिथे बँक आहे, तीही जुनी दिसते. किती दिवसांत बाहेर गेला नाहीस म्हटलं, तर तो पुढची चादर झटकायला लागला. पण मला आवडतो तो. लिहून टाकलं, आता खोडणार नाही.

आज आम्हाला मालकांनी पाहिलं. जिन्याच्या दारात उभे होते. मी बोलणी खायच्या तयारीत, तर ते खूशच झाले. याला करमत नव्हतं, बरं झालं तू आलीस, म्हणाले. घुम्याचा चेहरा मात्र पांढरा पडला. भावाचा धाक असणार.

मंगळवार, १९ तारीख

पडले. माळ्यावरचं गाठोडं काढायला चढले होते, शिडीची वरची पायरी मोडली आणि पाठीवर आले ती कात्र्यांच्या टेबलावर. पुढचं आठवत नाही. जाग आली तेव्हा कॉटवर होते, खिडकीत ऊन होतं. घुम्या दाराशी उभा होता, डोळे रडून सुजलेले. मालकांनी त्याला खाली पाठवलं. म्हणाले, वाचण्यातली नव्हतीस, मी वाचवलं. डॉक्टर बोलावला का विचारलं, तर त्याची गरज पडली नाही म्हणाले.

कुडता पाठीवर फाटलाय, रक्ताने कडक झालाय. म्हणजे लागलं होतं खरं. पण पाठ दुखत नाही. आरशात वळून वळून पाहिलं, ओरखडासुद्धा नाही. दोन खांद्यांच्या मधोमध काहीतरी बारीक टोचतं, केस अडकल्यासारखं. वरून हात घातला तरी तिथे पोचत नाही, खालून घातला तरी नाही.

फोन फुटला. मालकांनी दुरुस्तीला दिलाय.

सोमवार, २५ तारीख

मालक फार जपतात. इतकं की जीव नकोसा होतो. केस असे बांध. या स्टुलावर बस. खिडकीत उभी राहू नकोस, उन्हाने कापड विटतं. कापड म्हणजे मी! साबण आणायला जाते म्हटलं, तर साबण घरी आला. रस्त्याच्या दाराची किल्ली त्यांच्या गळ्यात असते. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. ते रागावत नाहीत, समजावतात.

आणि मला काहीतरी झालंय. भूक लागत नाही. सुई बोटात शिरली तर रक्त येत नाही. आज नखं कापायला बसले तर कापायला काही नव्हतं. पडले त्या दिवशी जेवढी होती, तेवढीच. घुम्याने माझा हात हातात घेतला, नखं पाहिली आणि उठून गेला.

दुकानाच्या फोनवरून घरी फोन केला. मालक शेजारी उभे होते. मावशीने घेतला. आई झोपलीये म्हणाली, दिवसासुद्धा झोपते. आजार म्हणावा तर ताप नाही, खोकला नाही. नुसती विरत चाललीये, म्हणाली मावशी. हात धरला तर हातात काही लागत नाही. चमच्यावरून भांडणारी माझी मावशी फोनवर रडली.

शुक्रवार, २९ तारीख

मालक गिऱ्हाइकाशी बोलत होते. कपाट उघडं होतं. आईची शाल वर काढली. एका बाजूचा अख्खा काठ गेलाय, काठापासून आत वीतभर शालच नाही. उंदराने कुरतडावी तशी नाही. नीट, सरळ, ओळीने. खाली एक धागा पडलेला नाही. मी बघत असतानाच काठावरचा एक धागा हलला, सरकला आणि नाहीसा झाला. त्याच क्षणी माझ्या पाठीत मधोमध ऊब आली.

गच्चीवर घुम्याने सगळं सांगितलं, माझ्याकडे पाठ करून. तो विसाव्या वर्षी तापाने जाणार होता. थोरल्याने जाऊ दिलं नाही. आईच्या शालीचा धागा घेतला आणि त्याला रफू केलं. त्याच कापडाचा धागा म्हणजे त्याच रक्ताचा. एकदा टाका पडला की रोजची झीज तो तिकडून भरून काढतो. आई संपली. मग दोघी बहिणी, मग वडील. मग लांबचे, पार्सलने आठवणी पाठवणारे. थोरल्याने स्वतःलाही केलंय. टोक कुठे ते कुणाला माहीत नाही, त्याला कुणी शर्टाशिवाय पाहिलेलं नाही. घुम्याने कितीदा विनवलं, सोड मला, म्हणून. थोरला म्हणतो, एकटा आहेस म्हणून असे विचार येतात. म्हणून त्याने भरल्या घराची मुलगी शोधली. शिडीची पायरी मोडली नव्हती. करवतलेली होती.

पळून जाऊन उपयोग नाही. मी इथून रफूचक्कर झाले तरी टाका माझ्या पाठीतच, आणि आई तिकडे विरतच राहणार. टोक ओढायला हवं. दुसऱ्याचं टोक थोरला नेहमी पाठीच्या मधोमध ठेवतो, जिथे स्वतःचा हात पोचत नाही. घुम्याचंही तिथेच आहे. आजवर इथे कामाला आलेल्या ज्यांना ज्यांना त्याने ते ओढायला सांगितलं, ते घाबरून निघून गेले.

मी विचारलं, माझं ओढलं तर मी मरेन का. तो म्हणाला, तुझी जखम मी पाहिलीये, चार टाक्यांची होती, दवाखान्यात भरली असती. मालक तर म्हणतात वाचण्यातली नव्हते. दोघांत खरं कोण — मला घुम्याचं खरं मानायचंय.

त्याचं ओढलं तर काय, ते मी विचारलं नाही.

रविवार, ३१ तारीख

शाल अर्धी राहिली.

मालकांनी आज गोडीत सांगितलं, धाकटीला बोलावून घे, इथे काम आहे. येताना तिच्या अंगावरची एखादी शाल घेऊन ये म्हणावं. मी नाही म्हटलं. मग पत्ता माझ्याकडे आहेच, म्हणाले. मीच दिलाय. पहिल्या दिवशी, हसत हसत.

मी म्हटलं, मला हे नकोय, मला म्हातारं व्हायचंय. त्यांनी माझी बट कानामागे सारली. "सुरुवातीला सगळे असंच म्हणतात, पोरी. शंभर वर्षांनी माझे आभार मानशील."

परवा ते पार्सल सोडवायला पोस्टात जाणार. बाहेरून कुलूप लावतील. खिडकीतून चादर सोडता येईल. घुम्या माझं टोक ओढणार, मग मी त्याचं. आधी माझं, कारण उलट केलं तर माझं ओढायला कुणी उरणार नाही.

मी म्हटलं, माझं झालं की तूही चल ना तसाच. काय बिघडतं? तो म्हणाला, आत्ता जिची शाल आलीये, ती काकू कशी दिसते ते मला माहीतसुद्धा नाही, आणि मी तिला रोज संपवतोय. खूप रडले. त्याने चादर झटकताना धरतो तसे माझे दोन्ही हात धरून ठेवले.

मंगळवार, २ तारीख

मालक गेले. कुलूप वाजलं. शाल कपाटातून काढली, हातरुमालाएवढी उरलीये. पोटाशी बांधली. चादर खिडकीला बांधली.

तो मागे बसलाय. लिहीत राहा, म्हणतोय, लक्ष दुसरीकडे असलं की कमी लागतं. टोक सापडलं त्याला. ओढतोय —

दुखतंय. देवा, दुखतंय! किती दिवसांनी काही दुखलं. कुडता ओला झाला. आहे, रक्त आहे. मी आहे. शाल हलत नाही आता. थांबली. आई थांबली.

त्याने फडकं घट्ट बांधलं. म्हणतो चार टाक्यांचीच आहे, बघ. खोटं बोलत असेल तरी —

आता त्याचं. पाठ किती गोरी, कोवळी. मधोमध एक पांढरं टोक, पापणीच्या केसाएवढं. धरलं. ओढवत नाही. माझ्याच्याने नाही होत. काही सांगायचंय का विचारलं. "नखं वाढू दे," म्हणाला.

कुलूप. इतक्यात कसे —

ओढतेय. डाव्या हाताने. सुटतोय, मऊ येतोय, खूप लांब. त्याचे केस पांढरे होतायत — तो हसतोय — थांबू नको म्हणतोय. जिन्यावर पावलं. सावकाश. पळत नाहीत ते, कधीच —

वही आधी खिडकीतून टाकते. मी मागून येतेच. नाही आले तर, ज्याला सापडेल त्याने घरी — धाकटे, कुणी गोड बोलून विचारलं ना, घरी कोण कोण असतं, तर सांगायचं कुणी ना