खोक्यांची भिंत

८ नोव्हेंबर

आज भिंत आली. लोडिंग रिक्षातून!

बारा खोकी. प्रत्येक खोकं गुडघ्याएवढं, दोघांना दारं, बाकीची दोन्ही बाजूंनी उघडी, एकमेकांत अडकवायची, खाली चाकं. एकावर एक रचली की छातीपर्यंत भिंत. समोरच्या फ्लॅटमधल्या खाजाभाईंचं फर्निचरचं दुकान आहे, त्यांनीच करून दिली. म्हणाले, "खरी भिंत एकदा उठली की उठली, मॅडम. ही हुकमाची भिंत हाय. म्हणाल तिथं उभी, म्हणाल तवा मोकळी."

देव त्यांचं भलं करो. बिल्डरचं करू नको, अशी वेगळी प्रार्थना. त्यानं 'ओपन प्लॅन' म्हणून जे आमच्या गळ्यात मारलं, तो निव्वळ भिंती बांधायचा कंटाळा! दार उघडलं की पाहुण्याला एका नजरेत सोफा, टीव्ही, आत्यांची कॉट, जेवणाचं टेबल आणि आमटीला उकळी आली की नाही — सगळं दिसतं. आत्यांना बंद खोलीत कोंडल्यागत होतं, म्हणून त्या हॉलमध्ये. आमच्या बेडरूममध्ये पलंग मावल्यावर खुर्ची मावत नाही, म्हणून मीही हॉलमध्ये. साप्ताहिकाचा कॉलम जेवणाच्या टेबलावर लिहायचा. एका कानात कुकर, दुसऱ्या कानात मालिकेतली सासू. माझ्या खऱ्या सासूबाई, म्हणजे आत्या, कधी आवाज चढवत नाहीत. त्यांच्या वतीनं तेवढं काम टीव्ही करतो. धाराशिवात लोक म्हणतात, बाईची लेखणी तिखट. तिखट कसली, कावलेली असते!

संध्याकाळी भिंत लावली. पलीकडं, खिडकीच्या बाजूला आत्यांची कॉट, त्यांचा टीव्ही, त्यांच्या सामानाला दारं असलेली दोन खोकी. अलीकडं सोफा, ओटा, माझं टेबल. मी हात झाडले आणि जाहीर केलं, "आत्या, ही बाजू तुमची, ही आमची!" रणधीरनं टाळ्या वाजवल्या. नवरा टाळ्या वाजवतोय, असे प्रसंग आमच्या संसारात मोजकेच.

आत्या कॉटवर बसून सगळं बघत होत्या. एवढंच विचारलं, "आन् पाणी कुठनं घ्यायचं?"

"बाल्कनीत नळ आहे की, तुमच्याच बाजूला!"

किती सोयीचं झालं!

९ नोव्हेंबर

एका बैठकीत कॉलम पुरा. खाजाभाई, जुग जुग जियो.

१४ नोव्हेंबर

आत्या टेबलावर जेवायला येत नाहीत. हाक मारली की "माझं झालं." कधी उपास असेल, कधी भूक नसेल म्हणून चार दिवस सोडलं. आज डोकावले, तर दारांच्या खोक्यांत थाटलेलं स्वयंपाकघर! पिठाचा डबा, मिठाची बरणी, लसणाची जुडी, तेरच्या, गावाकडच्या घरातला तवा. बाल्कनीत विजेची शेगडी, ती हसीनाबींकडून आणलेली. हसीनाबी म्हणजे खाजाभाईंच्या आई, आत्यांची मैत्रीण. शेगडीवर पातेलं, पातेल्यात हुलग्याचे, म्हणजे कुळथाच्या पिठाचे शेंगोळे. या घरात हुलग्याला कुणी तोंड लावत नाही. रणधीर तर वासानंच जिना उतरतो.

"हे काय हो आत्या?"

"माझं माझं बघते की आता."

आणि गुणगुणत होत्या!

रणधीरला सांगितलं तर म्हणाला, "आईला नाद लागलाय. लागू दे." लागू दे बाई. पंचाहत्तरीत माणसाला नाद लागायला भाग्य लागतं. मला लिहायला वेळ मिळतोय, हॉलमध्ये शांतता आहे, खिडकीकडून लसणाच्या फोडणीचा वास येतोय. आणखी काय मागायचं?

१९ नोव्हेंबर

हसीनाबी आल्या. एरवी सरळ माझ्या ओट्यापर्यंत येऊन झाकण उचलून बघणारी बाई! आज दारातच थांबल्या. "आधी धुरपदाबाईच्या घरी जाते, मग तुमच्या."

घरी! धुरपदाबाई म्हणजे आमच्या आत्या, आणि घर म्हणजे खोक्यांपलीकडची कॉट! मी पोट धरून हसले. कॉलमसाठी टिपून ठेवलं.

जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. "होतंय बेटा, हर घरात होतंय. दिल मोठा ठेवायचा." मला वाटलं, माझ्या पांढऱ्या केसांबद्दल बोलताहेत.

२३ नोव्हेंबर

आण्णामामा आले. आत्यांचे धाकटे भाऊ, मुरुमचे आण्णासाहेब. न कळवता. हातात फळांची पिशवी नाही, तोंडावर हसू नाही. सोफ्यासमोर उभे, पण बसेनात.

"बसा की मामा."

"कुणाच्या घरात बसू, तेवढं सांग. हिकडं बसलो तर अक्काला वाईट वाटंल, तिकडं बसलो तर तुमाला."

मी हसले. ते हसले नाहीत.

"रणधीर, माझ्या बहिणीला वेगळं काढलंस, आन् मला ते मुरुमच्या बाजारात कळावं? ह्या वयात म्हातारी हुलगं शिजवून खाती! तुमच्या घरात दाणा न्हाय का?"

"वेगळं? अहो मामा, ही खोकी आहेत! चाकं आहेत त्यांना!" मी एक खोकं ढकलून दाखवलं. लॉक होतं. हललं नाही.

"सूनबाई, तू काय म्हणलीस तिला? ही बाजू तुमची, ही आमची. म्हणलीस का न्हाय?"

म्हटलं होतं.

"तिनं पाणी इचारलं. तू नळ दाखवलास. दाखवलास का न्हाय?"

दाखवला होता. आनंदानं!

मग मामांनी उभ्याउभ्या सांगितलं. तेरला सासऱ्यांच्या भावाभावांत वाटण्या झाल्या, तेव्हा थोरल्यानं सोप्यात, म्हणजे ओसरीवर उभं राहून हेच वाक्य उच्चारलं होतं. अक्षरशः हेच. दुसऱ्या दिवशी घराच्या मधोमध भिंत उठली. आणि वेगळं निघालेल्यानं पहिल्यांदा विचारायचं ते पाण्याचं, कारण आड एकाच्याच बाजूला राहतो. आत्यांनी रीतीप्रमाणं विचारलं. मी रीतीप्रमाणं उत्तर दिलं. वाटणी झाली!

दर आठवड्याला पुढाऱ्यांचं एकेक वाक्य चिमट्यात धरून उलटंपालटं करते मी. माझंच वाक्य मला ऐकू आलं नाही.

तेवढ्यात खोक्यांच्या पलीकडून आत्या बोलल्या, "आण्णा, वरडू नगंस. म्या काय म्हणलंय का? दिलंय ते लई हाय. खिडकी दिलीय, नळ दिलाय. येवढं कोण देतंय?"

रणधीर तोवर हसतच होता. हे ऐकलं आणि उठला. खोक्यांच्या कडेपर्यंत गेला, आणि पलीकडं पाऊल टाकण्याआधी स्वतःच्याच आईला विचारलं, "आई, आत येऊ का?"

२४ नोव्हेंबर

कॉलम नाही. मला सर्दी झाल्याचं संपादकांना कळवलं.

दिवसभर एकच आठवतंय. माझा पहिला कॉलम छापून आला, तेव्हा चार पुढारी जाब विचारायला दारात आले होते. मी दारामागं लपलेले. रणधीर ऑफिसात. आत्या पिठाच्या हातानं पुढं झाल्या. "लिवलंय ते खरं हाय का खोटं, तेवढं सांगा. खोटं असंल तर तिला भायेर काढते. खरं असंल तर च्या घेऊन जावा." चौघे चहा घेऊन गेले!

त्या दिवशी त्या मध्ये उभ्या राहिल्या नसत्या, तर मी आज कुठल्यातरी मासिकात लोणच्याच्या कृती लिहीत बसले असते. आणि त्या बाईला मी बाल्कनीतला नळ दाखवला.

२५ नोव्हेंबर

खाजाभाईंना बोलावून भिंत मोकळी केली. "म्या म्हणलो हुतो ना मॅडम, हुकमाची हाय," म्हणाले, पण या वेळी हसले नाहीत. त्यांच्या घरीही आमच्या वाटणीची चर्चा झालेली दिसते. चार खोकी सोफ्याजवळ बसायला ठेवली, बाकीची त्यांच्या गोदामात. हसीनाबींची शेगडी परत गेली. टीव्ही जुन्या जागी, कॉट जुन्या जागी.

आत्यांचा हात धरून मी म्हणाले, "आत्या, चुकलं माझं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हे वाक्य मला येतं, हे मलाही ठाऊक नव्हतं.

"आसू दे," म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

तिघं टेबलावर जेवलो. रणधीरनं मामांना फोन लावला, "एकत्र आलो." जणू दोन पक्षांची युती!

किती मोठं मन आहे त्या बाईचं. एका शब्दानं टोचलं नाही. मी असते तर तीन कॉलम लिहिले असते.

४ डिसेंबर

सगळं पूर्वीसारखं. कॉलम पुन्हा कुकरच्या शिट्ट्यांत. मालिकेतल्या सासूनं आज सुनेला घराबाहेर काढलं. मी पेन खाली ठेवून बघत बसले. कुणीतरी सरळसरळ बाहेर काढतंय, तेवढं तरी स्पष्ट!

कुरकुर नाही. खरंच नाही. टेबलावर तीन ताटं असतात, मोजून बरं वाटतं. आत्या वाढलं ते खातात, उठतात, ताट घासायला टाकतात. विचारलं, "उद्या काय करू?" तर "करशील ते." इतकं समाधानी माणूस पाहिलं नाही. सगळ्या जिल्ह्याची टर उडवून पेन मिटायचं, आणि घरात असं माणूस भेटायचं! मी काय पुण्य केलंय कोण जाणे.

९ डिसेंबर

रणधीर बाहेर पडला तशा आत्या ओट्याशी आल्या.

"ती खोकी खाजाभाईनं इकली तर न्हाईत?"

"नाही. का हो?"

"परत लाव. हुती तशी."

"आत्या, अहो लोक काय म्हणतील! आण्णामामा—"

"पयल्या दिशी रडले म्या, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिशी शेगडी पेटवली आन् हात थांबला. काय शिजवावं? सासू हुती तवर तिला पायजे ते शिजवलं. मग तुझ्या सासऱ्याला पायजे ते, मग रणधीरला. आता तू करतीस, चांगलं करतीस, खाते. पर धुरपदाबाईला काय पायजे, ते धुरपदाबाईलाच ठावं नव्हतं. आता कुठं जरा कळाय लागलं हुतं..."

पदरानं तोंड पुसलं.

"त्या आण्णाला कुणी बोलावलं हुतं गं?"