हिरव्या पुड्या आणि माझं नेतृत्व

तीर्थरूप आत्यास,

पो-येनचा कंबरेतून वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? आतोबांच्या पायाचा अंगठा सुजायचा थांबला, की अजून डॉक्टरांसमोर 'बिअर सोडली' आणि दुकानामागे 'एकच' असं चालू आहे? दुकान बरं चाललं असेलच. माझू देवीच्या देवळाला लागून दुकान म्हटल्यावर गिऱ्हाईक देवीच पाठवते. रोज पहाटे तू फोनवर पाठवतेस ती कमळांची 'सुप्रभात' चित्रं वेळेवर मिळतात. परवा कमळाऐवजी चुकून तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे आला, म्हणून ही चौकशी. (त्यालाही बाबांनी हात जोडलेले आहेत, ग्रुपवर बघ.)

कागदावर पत्र लिहितोय याचं तुला नवल वाटेल. पण ग्रुपवर लिहिलं की बाबा वाचतात, आणि वाचलं की लगेच फोन करून 'मी तेव्हाच म्हणालो होतो' म्हणतात. तेव्हा म्हणजे केव्हा, ते त्यांनाही आठवत नाही.

तर बातमी अशी की तुझा भाचा पुढारी झाला आहे, आणि तोही दोन ठिकाणी. श्याओ मॅडमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सगळ्यात जुना विद्यार्थी (जुना म्हणजे ज्येष्ठ, शिळा म्हणणारेही आहेत), म्हणून सगळे मला दादा म्हणतात. दादाने नेतृत्व करायचं असतं. म्हणजे दुपारी कोणाला कोंबडीची तंगडी, कोणाला डुकराची तळलेली कापं, कोण आज शाकाहारी, हे विचारून डबे मागवायचे आणि आल्यावर एक कमी का हे शोधायचं. (कमी असतो तो नेहमी माझा.) दुसरं पद विद्यापीठाच्या हरित परिसर समितीच्या अध्यक्षाचं. निवडणूक रीतसर झाली. मी हात धुवायला गेलो होतो, परत आलो तर टाळ्या चालू होत्या. मीही वाजवल्या. कोणासाठी ते नंतर कळलं.

अध्यक्ष झाल्यावर पहिला हुकूम काढला की जेवणाचे कागदी डबे बंद, प्रत्येकाने स्टीलचा डबा वापरावा. सगळ्यांना पटलं. फक्त ते डबे खानावळीत नेऊन भरून आणायचे कोणी, हे हुकमात लिहायचं राहिलं, म्हणून ते दादाकडे आलं. स्कूटरला चहूबाजूंनी डबे बांधून मी निघालो की चौकातले लोक भांडीवाला समजून वाट द्यायचे. एका आजींनी तर कढई आहे का म्हणून थांबवलं, आणि नाही म्हटल्यावर 'मग धंद्याला बाहेर पडतोस कशाला?' असं झापलं. पण एवढ्यावर थांबेल तो पुढारी कसला!

तुझ्या दुकानाच्या दारातच नारळाच्या चवीच्या, मक्याच्या कुरकुरीत खाऊच्या हिरव्या पुड्या लटकतात. नावातच 'शहाण्यासारखं वाग' असा उपदेश आहे, त्या. आता तुला काय सांगायचं? बँकेतलं पैशांचं यंत्र असो की इस्पितळातलं, त्याने शहाण्यासारखं वागावं म्हणून डोक्यावर पुडी ठेवल्याशिवाय आपल्याकडे कोणाला चैन पडत नाही. पुडी हिरवीच हवी, मुदत संपलेली चालत नाही, आणि ती कोणी फोडून खाल्ली तर मग यंत्राचं काही खरं नाही. विद्यापीठात प्लास्टिकचा कचरा कुठून येतो ते शोधताना माझी नजर वर गेली, आणि बघतो तर प्रत्येक यंत्रावर पुडी! न खाता ठेवायची, मुदत संपली की फेकायची, नवी आणायची. माझ्यातला शास्त्रज्ञ आणि माझ्यातला पुढारी दोघे एकदम जागे झाले. (एकेकटे जागे असतात तेव्हा फारसा धोका नसतो.)

मी सगळ्या पुड्या उतरवल्या आणि त्यांच्या जागी कापडी पिशव्या ठेवल्या. रंग तोच हिरवा, धुता येणाऱ्या, कधीच मुदत न संपणाऱ्या, आणि वर मोठ्या अक्षरांत आमच्या समितीचं घोषवाक्य: 'श्वास घेऊ द्या'. श्रद्धाही राखली आणि पृथ्वीही, असं छोटंसं भाषण केलं. टाळ्या बेताच्याच पडल्या. प्रयोगशाळेतली या-चू (वयाने माझ्याहून लहान, जिभेने नाही) पिशवी उलटसुलट करत म्हणाली, "दादा, यात आहे काय?"

"काही नाही. तीच तर गंमत आहे."

"म्हणजे पाहुण्याला जेवायला बसवायचं आणि पुढ्यात रिकामं ताट ठेवायचं?"

"अगं, यंत्राला पोट नसतं."

"तुलाही डोकं नाही, तरी तुला आम्ही खुर्ची दिलीच ना?"

आता मुख्य गोष्ट. आतोबांचं समुद्राकडचं शेत खारं पाणी शिरून पडीक झालं, ते तुला मी काय सांगू. मॅडमनी सारं आयुष्य घालून रताळ्याचं एक वाण तयार केलंय, ते असल्याच खाऱ्या जमिनीत तग धरतं. नव्या वर्षाच्या सणाआधी मॅडम निवृत्त होणार, आणि वसंतात ती रोपं शेतात लागणार. मी या शास्त्रात आलो तो त्या शेतासाठी. (हे आतोबांना सांगू नकोस. ते रडतात, आणि मग 'एकच' होतो.) रोपं विजेवर चालणाऱ्या एका मोठ्या कपाटात वाढतात. ते ऊन, वारा, थंडावा सगळं बेताने देतं. त्याच्याही डोक्यावर मी माझी पिशवी ठेवली होती.

सोमवारी सकाळी कपाटाचं दार उघडलं तर तोंडावर गरम वाफ आली. लसूण घालून उकडलेला रताळ्याचा पाला कसा दिसतो ते तुला माहीत आहे. अगदी तसा, फक्त लसूण नव्हता. सगळ्यात खालच्या फळीवरचा एक ट्रे तेवढा जिवंत होता. खोटं कशाला सांगू आत्या, मला रडू आलं. दारात शेजारच्या प्रयोगशाळांतले लोक जमले. कपाटाच्या आत कोणी बघतच नव्हतं, सगळ्यांचे डोळे कपाटाच्या टाळक्यावर.

तेवढ्यात मॅडम आल्या. ही बाई पुराव्याशिवाय 'आज उकडतंय' असंसुद्धा म्हणत नाही. मला धीर आला. आता या सगळ्यांना विज्ञान म्हणजे काय ते ऐकायला मिळेल, असं मनात म्हटलं. मॅडमनी पाला बघितला, एक पान बोटांनी सरळ केलं, आणि हळूच विचारलं, "वर काय ठेवलं होतंस?"

"कापडी पिशवी, मॅडम."

"रंग?"

"हिरवाच."

"आत?"

"रिकामी."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. "पो-येन," त्या म्हणाल्या, "मी शास्त्रज्ञ आहे. पण इतकी नाही."

मग माझा अभिमान दुखावला. प्रत्येक बिघाडाला कारण असतं, ते आत्ता सगळ्यांसमोर शोधून दाखवतो, असं म्हणून मी कपाट आणि भिंत यांच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला आणि कारण बाहेर काढलं. ती माझी पिशवीच होती. हलकीफुलकी पिशवी मागे घसरून, कपाट ज्या जाळीतून हवा ओढतं, नेमकी तिच्यावर जाऊन चिकटली होती. ती ओढल्याबरोबर कपाटाने मोठा सुस्कारा टाकला. मी हात वर धरून उभा, आणि हातातल्या पिशवीवर सगळ्यांना वाचता येईल असं: 'श्वास घेऊ द्या'.

"उपाशी होतं बिचारं," या-चू म्हणाली. "ओढून घेतली, बघितली, तर रिकामी!"

मी समजावून सांगितलं की यात उपास वगैरे काही नाही. खाऊची पुडी फुगलेली, कडक असते. ती घसरून मागे पडली तरी जाळीवर कापडासारखी चिकटत नाही. "म्हणजे पुडी असती तर कपाट बंद पडलं नसतं?" या-चूने विचारलं. शास्त्रीयदृष्ट्या मला 'हो' म्हणावं लागलं. माझा सगळ्यांनी एकमताने मान्य केलेला हा पहिलाच निष्कर्ष. दुपारपर्यंत विद्यापीठातल्या झाडून सगळ्या पिशव्या माझ्या टेबलावर परत आल्या, काही तर धुऊन, इस्त्री करून. जगलेला ट्रे आम्ही तळघरातल्या जुन्या, खोकणाऱ्या कपाटात हलवला. त्याच्यावर आता या-चूची स्वतःची पुडी आहे, आणि तिला मी हात लावायचा नाही असा प्रयोगशाळेचा ठराव आहे. (सूचक या-चू, अनुमोदक मॅडम.)

यावर कडी म्हणजे नव्या विद्यार्थ्यांपुढे 'वनस्पतिसंशोधन आणि हरित परिसर: नेतृत्वाचा अनुभव' यावर बोलायला विद्यापीठाने मलाच बोलावलंय. मी होकार दिलाय. अनुभव तर आहेच, आणि तो माझ्याइतका ताजा दुसऱ्या कोणाकडे नसेल.

असो. यंत्राचा आणि खाऊचा काडीचाही संबंध नाही, या मतावर मी ठाम आहे. आतोबांना नमस्कार. तुम्ही दोघं तब्येतीला जपा.

तुझा आज्ञाधारक भाचा,
पो-येन
अध्यक्ष, हरित परिसर समिती

ता. क. त्या हिरव्या पुड्यांचं एक खोकं पाठव. त्या सोमवारनंतर इथली सगळी दुकानं रिकामी झालीत. फाटकाजवळच्या दुकानात फक्त पिवळ्या उरल्यात, आणि पिवळी यंत्राला चालत नाही हे मलासुद्धा कळतं. शिवाय अध्यक्षाला पुडी घेताना कोणी बघितलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मुदत लांबची बघून घे. पाठवण्याआधी देवीपुढच्या धुपावरून फिरव आणि कौल लाव. देवी नाही म्हणाली तर प्रश्न बदलून पुन्हा विचार.

आणखी एक. कापडी पिशवीत घालून पाठवू नकोस. प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळ, पुडी चेपता कामा नये. खोक्यावर 'औषध' असं लिही.

आणि शेवटचं. काल मी तळघरात त्या जुन्या कपाटापुढे हात जोडून उभा होतो, तेवढ्यात मॅडम एकट्याच खाली आल्या. लपायला जागा नव्हती. त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्यापेक्षा खाली वाकल्या. रोपांना नवं पान फुटलंय, आत्या. ते तापमान योग्य असल्यामुळे फुटलंय. पण या-चूच्या पुडीची मुदत शनिवारी संपते, तेव्हा खोकं शुक्रवारच्या आत पोचेल असं बघ.